निजवलेल्या काड्या

आईच्या वरच्या ओठावर, बरोबर मधोमध, एक काळा डाग होता. साबणाने जायचा नाही, खोबरेल चोळून जायचा नाही. लग्नकार्याला निघताना ती पदराच्या टोकाने तो घासघास घासायची आणि मग वैतागून म्हणायची, जाऊ दे, मी काय करते ते सगळ्या पनवेलला ठाऊक आहे. तो डाग अगरबत्तीच्या काड्यांचा होता. वाळत घातलेली काडी वाळली की नाही, हे ती ओठाला लावून बघायची. आत ओल असेल तर काडी ओठाला गार लागते, कोरडी असेल तर काहीच लागत नाही. दिवसाकाठी शंभर-दीडशे काड्या अशा ओठाला लागायच्या, आणि अशी किती वर्षं गेली ते तिलाही सांगता आलं नसतं.

ओठाच्या आधी कान. मूठभर काड्या उचलून कानाशी नेऊन हलवायची. कोरड्या काड्या खळखळ वाजतात, ओल्या नुसत्या खसखसतात. मग ओठ. दोन्हींकडून होकार आला की एकच शब्द बोलायची, "उचल." तो शब्द आला की आम्ही टोपली उचलायची आणि खोका भरायचा. भरलेल्या खोक्यावर ती कुंकवाच्या बोटाचा एक ठसा उमटवायची. बाजारातला शेठ तो ठसा बघून खोका न फोडताच आत घ्यायचा. आमच्या घरात या ठशाला देवघरातल्या टाकांइतका मान होता.

मी चिडकी आहे, हे आत्ताच सांगून टाकते. नवऱ्याकडून परत आले तीही भांडूनच आले. गाढी नदीपासून जवळ, नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर. खाली दोन खोल्या आणि ओटी, वर गच्चीवर एक खोली, तिला बाहेरून लोखंडी जिना. वडील न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे, मी शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून आईच्या काड्यांवर घर चाललं. सहा बाया ओटीवर बसून पाटावर बत्त्या वळायच्या. कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा, चिकटपणाला झाडाच्या सालीची पूड, हे सगळं पाण्यात मळून बांबूच्या काडीवर चढवायचं. वास आमच्याकडे लागत नसे, तो शेठकडे लागायचा. आमचं काम काडी वळून, वाळवून, कोरडी ठणठणीत करून देण्याचं.

वळणं कोणालाही आठ दिवसांत येतं. वाळवणं येत नाही. गच्चीवर काड्या पसरल्या की आई कर्नाळ्याकडे तोंड करून बसायची. किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसत असेल तर दिवस बरा. सुळका ढगात गेला की गुडघ्यांचं दुखणं विसरून उठायची आणि जिन्यावरून हाक मारायची, की आम्ही सहा-सात बाया धावत सुटायचो. फार कडक ऊन असेल तरी तिला नको असायचं. दुपारी बारा ते तीन ती काड्यांवर जुनी चादर टाकायची. वरून तडकन सुकली की आतली ओल आतच कोंडते, म्हणायची.

आणि सगळ्यात शेवटी निजवणं. हे मी आमच्या घराबाहेर कुठे पाहिलं नाही. ऊन खाऊन आलेल्या काड्या लगेच खोक्यात भरायच्या नाहीत. त्या बांबूच्या टोपलीत आडव्या ठेवायच्या, वर धुवट सुती लुगडं घालायचं आणि एक रात्र तशाच राहू द्यायच्या. त्यांच्याजवळ मोठ्याने बोलायचं नाही, अशीसुद्धा पद्धत होती. बाळ झोपल्यासारखं टोपलीजवळून हळूच पाय टाकायचा. सकाळी आई लुगडं काढायची आणि तेव्हा काडी ओठाला लावायची. आदल्या संध्याकाळी कोरडी ठणठणीत वाटलेली काडी कधी कधी सकाळी गार लागायची. आतली ओल रात्रभरात बाहेर आलेली असायची. मग ती टोपली पुन्हा उन्हात.

लहानपणी मला हे फार गोड वाटायचं. परत आल्यावर याच निजवण्याचा मला राग यायला लागला.

राग येण्यासारखंच झालं होतं. पनवेलचा पावसाळा चार महिने हलत नाही. त्या चार महिन्यांत आम्ही शेगड्या पेटवून, पंखे लावून, दोरीवर चाळण्या टांगून काड्या वाळवायचो. घरभर कोळशाची ओलसर घाण, भिंतींना पापुद्रे, बायांच्या छातीत खोकला. तरीही माल निम्मासुद्धा निघत नसे. दरवर्षी शेठ कुरकुरायचा आणि आईला मावशी म्हणून गप्प बसायचा. पण दोन हजार दहा उलटून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा त्याच्याकडे दुसरा माल दिसायला लागला. व्हिएतनामची काडी. बंदरात कंटेनरच्या कंटेनर उतरायचे. गोल गरगरीत, एकसारखी, पावसाळ्यातही कोरडी, आणि मागाल तेवढी. शेठने मला दुकानात बोलावून एक जुडी हातात दिली आणि सांगितलं की या पावसाळ्यात तुमचा माल वेळेवर आला नाही तर पुढच्या वर्षी तो मला नकोच. मावशींना तुम्हीच सांगा, म्हणाला, मला सांगवत नाही.

घरी आल्यावर मी ती जुडी आईपुढे टाकली. तिने कानाशी हलवली, ओठाला लावली, मोडून पाहिली. चांगली आहे, म्हणाली. मग ती जुडी मांडीवर ठेवली. शेठ काय म्हणाला ते मी ओरडून सांगितलं, कारण तोवर तिला कमी ऐकू यायला लागलं होतं. हातातल्या काड्या कानाशी हलवताना ती आता डोळे घट्ट मिटायची, ते आम्ही सगळ्या बघत होतो. बाया आपसात हसायच्याही. उरणहून पनवेलच्या कोळीवाड्यात दिलेली एक बाई होती, आमच्याकडे सगळ्यात जुनी. ती म्हणायची, म्हातारीच्या कानाने केव्हाच दुकान बंद केलंय, नुसत्या ओठावर चाललंय.

आईने ऐकून घेतलं आणि एकच बोलली.

"माझं 'उचल' गेलं तर मी या घरात काय करायचं गो बाय?"

तिने हे कुरकुरून विचारलं नव्हतं, खरोखरच विचारलं होतं. तिला शिवण येत नव्हतं, देवळात रमत नव्हती, नातवंडं माझ्यामुळे झाली नव्हती. एवढं एक होतं, काडी हातात घ्यायची आणि ती झाली की नाही ते सांगायचं. मला ते त्याच दिवशी नीट कळलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे केलं ते न कळता केलं असं मला म्हणता येणार नाही.

मी लग्नातल्या बांगड्या मोडल्या आणि ड्रायर आणला. तोही व्हिएतनामचाच, न्हावा शेव्यालाच उतरलेला. म्हटलं, त्यांचीच काडी मुळावर आली आहे तर त्यांच्याच मशीनने उत्तर देऊ. फार शहाणी समजत होते स्वतःला. लोखंडी कपाटासारखं धूड, माणसाच्या उंचीचं, आत वीस जाळीचे ट्रे, मागे हीटर आणि पंखा, पुढे लाल आकडे दाखवणारी पट्टी. टेंपोतून उतरवताना रस्त्यावरचे चार जण धरायला आले. गच्चीवरच्या खोलीत ते बसवलं.

मशीनवाला तरुण होता, बोलायला चुरचुरीत. त्याने आईला मोबाइलवर व्हिएतनामचा व्हिडिओ दाखवला. एका गावाच्या अंगणात लाल रंगवलेल्या काड्यांच्या जुड्या उलगडून उभ्या ठेवलेल्या, अंगणच्या अंगण लाल झालेलं, आणि मधे सुपासारख्या टोप्या घातलेल्या बाया. आईने मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. त्यांच्याकडेही बायाच आहेत की, म्हणाली, आणि एका बाईकडे बोट दाखवून म्हणाली, ही बघ, ही आकाशाकडे बघतेय. तिने तो व्हिडिओ तीनदा लावायला लावला. मशीनवाल्याला तो जुना जमाना आणि आता मशीन आलं असं दाखवायचं होतं. पुढच्या भागात तसाच ड्रायर होता, पण आईला तो भाग बघायचा नव्हता.

मशीनबरोबर एक पुस्तिका आली होती. अक्षरं त्यांची, वर-खाली टिंबं आणि टोप्या लावलेली, पण चित्रं होती. पहिल्या चित्रात ट्रे भरतायत, दुसऱ्यात आकडा लावतायत, तिसऱ्यात ट्रे बाहेर काढून त्यावर कापड घातलंय आणि बाजूला एक घड्याळ, चौथ्यात खोका. मशीनवाल्याने ती पुस्तिका बघितलीही नाही. साठवर आकडा लावा, चार तास, काढा आणि भरा, एवढं सांगून तो गेला. मी पुस्तिका खिळ्याला अडकवली आणि विसरले.

पहिल्या दिवशी चार तासांनी दार उघडलं तेव्हा अंगावर गरम वाफ आली, आणि खरं सांगते, मला रडू आलं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आमच्या हातात कोरड्या काड्या होत्या. मी त्या परातीत घालून खाली आईकडे नेल्या. जिना चढणं तिला आता जमत नव्हतं. तिने काडी ओठाला लावली आणि लगेच खाली ठेवली.

"गरम काडी खरं बोलत नाय. निजव तिला."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मशीन आणलं ते कशासाठी? मी हातवारे करून सांगितलं की मशीनवरचा आकडाच सांगतो काडी वाळली ते, आता निजवण्याची गरज नाही. तिने मान हलवली नाही. टोपली ओढली, काड्या त्यात घातल्या, लुगडं टाकलं आणि वर हात ठेवून बसली. बाया बघत होत्या. मी आतून धुमसत राहिले.

पहिले आठ-दहा दिवस निजवल्या. मग अडचण दिसायला लागली. मशीन दिवसात तीन घाणे काढत होतं, टोपल्या पुरेनात, ठेवायला जागा पुरेना, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत उघड्यावर निजलेल्या काड्या सकाळी पुन्हा गार लागायच्या. आई म्हणायची, परत घाल मशीनमध्ये. म्हणजे एका घाण्याला दोन घाण्यांचा वेळ. गणपतीसाठी शेठला माल हवा होता, तो रोज माणूस पाठवत होता, दिवे जात होते. मला वाटायचं, म्हाताऱ्या बाईचा हट्ट आहे. काड्या हवेतली ओल धरतात, आणि हिला वाटतं आतली ओल बाहेर येते. लगेच भरून खोका बंद केला तर हवा लागणारच नाही. हे मला इतकं बरोबर वाटलं की मी कोणाला विचारलं नाही.

बाया सहाला घरी जायच्या. त्या गेल्यावर मी गच्चीवरच्या खोलीत शेवटचा घाणा काढायचे. एका संध्याकाळी मी तो तसाच, गरमागरम, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून खोक्यांत भरला आणि चिकटपट्टी मारली. खाली आले तेव्हा आईने विचारलं, निजवल्यास ना? मी हो म्हटलं. इतकं सहज म्हटलं की जिन्यावरून उतरतानाच ठरवून आले असेन.

ठसा राहिला होता. ठशाशिवाय शेठचा माणूस खोका घेणार नाही. मी देवघरातली कुंकवाची डबी पदराखाली घालून वर नेली आणि बोट उमटवलं. माझं बोट आईच्या बोटापेक्षा बारीक आहे, म्हणून जरा दाबून, फिरवून उमटवलं. असा विचार करायला मला तेव्हा वेळ होता, बघा.

मग ते रोजचंच झालं. तिच्या समाधानासाठी दोन टोपल्या खाली आणून मी रीतसर निजवायचे. सकाळी ती लुगडं काढायची, डोळे मिटून कानाशी हलवायची, ओठाला लावायची, आणि उचल म्हणायची. त्या टोपल्यांचे खोके तिच्यासमोर भरायचे, तिचं कुंकू लागायचं. बाकीचे खोके वरच्या वर जिन्याने टेंपोत जायचे, माझ्या कुंकवाचे. त्या महिन्यात आम्ही दिला तेवढा माल आधी कधीच दिला नव्हता. शेठ खूश झाला, बायांना मी साडी देईन म्हणाले, आणि आई ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की मशीन आलंय, पण माझं काम सुटलं नाही. चेहरा उजळून निघाला होता तिचा. ते बघून मला बरं वाटायचं. म्हणजे मी फसवत होते आणि वर मला बरंही वाटत होतं.

गणपती चार दिवसांवर आले असताना शेठ स्वतः टेंपोत बसून आला. सहा खोके परत आणले होते. दुपारची वेळ, सगळ्या बाया ओटीवर वळत बसलेल्या. त्याने एक खोका उलटा केला. जुड्या पडल्या आणि त्यांच्यावर पांढरी बुरशी होती, पिंजलेल्या कापसासारखी. काही काड्यांवरचा काळा लेप सुटून हातात येत होता. पिशव्यांच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. त्याने खिशातून काडेपेटी काढून एक बरी दिसणारी काडी पेटवली. ती बोटभर जळली आणि विझली. गणपतीसमोर लावलेली बत्ती अशी विझली तर गिऱ्हाईक मला काय म्हणेल, एवढंच त्याने विचारलं, तेही हळू आवाजात.

मग त्याने खोक्यावरचा कुंकवाचा ठसा मला दाखवला. आईला आता आराम द्या, म्हणाला. त्यांचं वय झालं, त्यांचा हात गेला, यात त्यांचा काही दोष नाही. तो चांगला माणूस होता. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

बाया वळायच्या थांबल्या होत्या. उरणच्या बाईने माझ्याकडे बघून मान डोलावली, मी म्हणतच होते ना, अशी. आईला काही ऐकू गेलं नव्हतं. ती भिंतीला धरून उठली, आमच्याजवळ आली, खाली वाकून एक काडी उचलली. बुरशी पदराने पुसली. आणि सगळ्यांच्या देखत ती घाण काडी ओठाला लावली. गार लागली असणार. मग तिने खोका फिरवून कुंकू पाहिलं.

"या मीच सोडल्या गो?"

तिने मला विचारलं. माझ्याशिवाय विचारणार कोणाला?  मला फक्त नाही म्हणायचं होतं. पण शेठ उभा होता, बाया उभ्या होत्या, वरच्या खोलीत माझ्या बांगड्या मोडून आणलेलं मशीन उभं होतं. सहा बायांना उद्यापासून माझं ऐकायचं होतं. आईला आधीच ऐकू येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोष तिच्याकडे इतका आपोआप गेला होता की मला तो ढकलावासुद्धा लागला नाही.

मी मान हलवली. हो.

 ती आत गेली, मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ पाणी वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी मी टोपली तिच्यापुढे ठेवली तेव्हा तिने ती दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली. ओठ मेला माझा, म्हणाली, तूच बघ. मी समजूत काढली, लटकं रागावले, बायांना सांगून आग्रह करवला. पुन्हा तिने काडीला हात लावला नाही. कुंकवाची डबी तिने स्वतः देवघरात नेऊन ठेवली.

मशीनला दोष द्यायला मला फार आवडलं असतं. पण बुरशीच्या काड्या जाळून टाकल्यावर, वरची खोली झाडताना, खिळ्याला अडकवलेली ती पुस्तिका हातात आली. तिसरं चित्र. ट्रेवर कापड, बाजूला घड्याळ. त्यांनीसुद्धा काड्या निजवायलाच सांगितलं होतं. गरम काडी आतून ओली असते, ते त्यांना ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. एवढ्या लांबच्या, एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या बायांना जे कळत होतं, ते मधे बसलेल्या मला कळलं नाही. मी पुस्तिका घेऊन खाली धावत आले नाही. तिथेच खुर्चीवर बसले आणि मग ती पत्र्याच्या पेटीत तळाशी घातली.

त्या दिवसापासून मी प्रत्येक घाणा निजवला. मशीन बंद करून, दार थोडं उघडं ठेवून, ट्रेवर लुगडं घालून; सकाळी पुन्हा तासभर गरम हवा. माल सुधारला. शेठने पुढच्या वर्षीही घेतला, त्याच्या पुढच्याही. आणि बाया म्हणायला लागल्या, मशीन होतं म्हणून वाचलो, नाहीतर म्हातारीच्या भरवशावर बुडालो असतो. माझ्यासमोर म्हणायच्या, तिच्यासमोर म्हणायच्या. तिला ऐकू जात नाही, म्हणून बिनधास्त म्हणायच्या. दर वेळी मी दुसरा विषय काढायचे.

आई ओटीच्या कोपऱ्यात बसून राहायची. रस्त्याने ट्रेलर जायचे, भाजीवाल्या नेऱ्याकडून यायच्या, ती बघायची. कर्नाळ्याचा सुळका आमच्या ओटीवरून दिसत नाही, गच्चीवरूनच दिसतो, आणि गच्चीवर तिला कोणी नेलं नाही, तिनेही नेण्यास सांगितलं नाही. मी कानाचं यंत्र आणलं, ते शिट्टी मारतं म्हणून तिने डब्यात ठेवून दिलं. तीन वर्षं अशी गेली. जेवायची, झोपायची, विचारलं तर उत्तर द्यायची. भांडायचीसुद्धा नाही. माझ्यासारख्या भांडखोर बाईला ते सगळ्यात जड गेलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात ती फारशी उठेनाशी झाली. ओटीवरच खाट टाकली होती, बायांच्या नजरेसमोर, म्हणजे तिला करमेल. एका दुपारी मी ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसत होते आणि माझा हात थांबला. ओठावरचा डाग गेला होता. आयुष्यभर कशाने न निघालेला डाग, तीन वर्षं काडी लागली नाही तर आपोआप निघून गेला होता. कधी गेला ते मी पाहिलंही नव्हतं. नुसता ओठ, इतर कोणाही म्हाताऱ्या बाईचा असावा तसा.

मी खाटेच्या कडेला बसले. तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. त्या काड्या तू नाही सोडल्यास. मी निजवल्याच नव्हत्या. कुंकू माझं होतं. तुझा ओठ मेला नव्हता, आये. सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. पण हळू सांगितलं. ओटीवर सहा बाया वळत होत्या.

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओठ हलताना तिला दिसले होते.

"काय म्हणतेस? मोठ्यानं बोल."

पाट वाजायचे थांबले. सहाही जणींनी मान वर केली. तिला ऐकू जायचं तर मला ओरडायला हवं होतं, आणि मी ओरडले असते तर सगळ्या आळीला ऐकू गेलं असतं. मला तेव्हा कोणी अडवलं नव्हतं. घसा माझा शाबूत होता. त्या घशाने मी नवऱ्याला, सासूला, शेठच्या माणसाला, कोणाकोणाला ओरडून ऐकवलं होतं.

चहा ठेवू का, असं विचारत होते, मी ओरडून सांगितलं.

ठेव, म्हणाली ती. आणि पुन्हा रस्त्याकडे बघत राहिली.

श्रावणात ती गेली. तिला बाहेर आणलं तेव्हा उशाशी लावायला उरणच्या बाईने वरच्या खोलीतून काड्यांची जुडी आणली, आमच्याच काड्या, नीट निजवलेल्या. त्या शेवटपर्यंत जळल्या. दिवस झाल्यावर बाया माझ्याजवळ येऊन बसल्या. उरणच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, म्हातारीने शेवटी शेवटी एवढं नुकसान केलं तरी तू कधी तिला एका शब्दाने बोलली नाहीस हो.

मी मान हलवली.